डावीकडचं कार्पेट

बातमी आली तेव्हा ताई एका पांढऱ्या गाडीत गुडघ्यांवर बसून ओलं कार्पेट उपसत होती. सकाळचं ऊन शेडच्या पत्र्याखालून आत सरकलं होतं. गाडीची मालकीण नाकाला रुमाल लावून दाराशी उभी होती.

“गाडी उघडली की नुसता कुबट वास,” ती म्हणत होती. “कितीतरी सुगंधी पुड्या लटकवून झाल्या. नवरा म्हणतो, तूच काहीतरी सांडलं असशील.”

“नवऱ्यांना असंच सुचतं,” ताई आतूनच म्हणाली. “तुम्ही काही सांडलेलं नाही. एसीची नळी तुंबलीय. जे पाणी बाहेर पडायचं ते आत पडतंय. हे बघा.” तिने कार्पेटखालचा फोम मुठीत धरून पिळला. काळपट पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

फोन तेव्हा वाजला. हात ओले, म्हणून तिने तो खांद्याने कानाशी दाबून धरला. पलीकडे रंगारी होता.

“ताई... गाडी पाण्यात गेली.”

“कुणाची?”

“आपली. पैलवानाची. मी निघालो बाहेर. तो... ताई, तो नाही निघाला.”

त्यानंतरचं तिला फारसं आठवत नाही. “नळी साफ करून ठेवते, संध्याकाळी या,” असं ती मालकीणबाईंना म्हणाली आणि खरोखरच नळी साफ करायला बसली, एवढं आठवतं. शेवटी मालकीणबाईंनीच तिच्या हातातून पक्कड काढून घेतली.

शेडचा अर्धा भाग ताईचा आणि तिच्या धाकट्या भावाचा होता. सीटा शिवणं, कार्पेटं बदलणं आणि गाडीत पाणी कुठून येतं ते शोधून काढणं, हे त्यांचं काम. उरलेल्या अर्ध्या भागात रंगारी चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचा आणि रंग मारायचा. भावाच्या अंगावर औषधालाही मांस नव्हतं, म्हणून अख्खी गल्ली त्याला पैलवान म्हणायची. त्याचा धंद्याला फायदाच होता. कुठल्याही गाडीच्या डॅशबोर्डखाली तो घडी घातलेल्या चादरीसारखा मावायचा.

गळती शोधायची त्यांची पद्धत अशी. पैलवान टॉर्च घेऊन आत बसायचा, दारं आणि काचा बंद. ताई बाहेरून पाईपने पाणी मारायची, आधी खालून, मग हळूहळू वर. दाराचं रबर, काचेच्या कडा, बॉनेटच्या टोकाची जाळी. पत्र्यावरच्या पाण्याच्या आवाजात आतलं बोलणं बाहेर पोचत नाही, म्हणून भावंडांनी एक खूण ठरवली होती. थेंब दिसला की पैलवान आतून काच ठोकायला लागायचा. तो ठोकत राहील तोवर पाईप हलवायचा नाही. पाणी तिथेच धरून ठेवायचं, म्हणजे थेंबाची वाट त्याला बघता येते. ठोकणं थांबलं की पुढे सरकायचं.

“बाहेर राणीसाहेब निवांत बागेला पाणी घालतायत,” भिजलेलं डोकं पुसत तो बाहेर यायचा, “आणि आत माळ्याला सर्दी.”

वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. ठोकल्याचा आवाज आला की ताईचा हात आपोआप स्थिर व्हायचा. त्यासाठी तिला विचार करावा लागत नसे.

रंगाऱ्याने सांगितलेली हकीकत सरळ होती. दोघं सीटांचं कापड आणायला गेले होते. परतताना तलावाकाठच्या वळणावर पैलवानाचा ताबा सुटला आणि गाडी कठडा तोडून खाली गेली. “तोंड स्टिअरिंगवर आपटलं, ताई. जागच्या जागी गेला. त्याला कळलंसुद्धा नाही.” डॉक्टरांनीही चेहऱ्याची हाडं मोडल्याचं सांगितलं. चौकशी मिटली.

आई तेव्हापासून एकच गोष्ट विचारायची. ताटावर बसली की, दिवा लावला की, मध्येच पाण्याचा पेला हातात धरून. “त्याला त्रास झाला का गं?”

रंगारी रोज यायचा. आईच्या पायाशी बसायचा. “नाही मावशी. माझ्या डोळ्यांदेखत झालं ना. त्याला कळलंसुद्धा नाही.” ते ऐकलं की आई दोन घास खायची. घर त्या एका वाक्यावर उभं होतं. तेवढं खरं असावं, याहून जास्त काही ताई मागत नव्हती.

गाडी परत मिळाली तेव्हा रंगारी म्हणाला, “सरळ भंगारात देऊ.”

“आधी सुकवते.”

“कशाला? चालणार आहे का ती आता?”

गाडी ओली आली की सुकवायची, दुसरं ताईला काही येत नव्हतं. तिने बॅटरी काढून फळीवर ठेवली, सीटा उतरवल्या, कार्पेटं दोरीवर टाकली. उन्हाळा कडक होता. महिनोन्‌महिने आभाळात ढग नव्हता. कार्पेटं वाळून पुठ्ठ्यासारखी कडक झाली, गाळाची पावडर होऊन खाली पडली. तिने सगळं झटकून, ब्रश मारून परत बसवलं.

दुसऱ्या दिवशी डावीकडच्या सीटपुढचं कार्पेट ओलं होतं.

असं होतं कधीकधी. कुठेतरी पोकळीत साचलेलं पाणी नंतर उतरतं. तिने ते परत वाळवलं. परत ओलं झालं. तिने दाराच्या तळाची भोकं तारेने मोकळी केली. इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यातली रबरी बुचं काढून पाहिली. सगळं कोरडं ठणठणीत. कार्पेट उचललं तर खालचा पत्रा उन्हाने हाताला चटका बसेल इतका तापलेला, त्यावर ओलाव्याचा डागही नाही. आणि कार्पेट मात्र पिळलं की हिरवट पाणी. त्याला शेवाळाचा आणि कुजक्या गवताचा वास होता. तो वास एसीच्या नळीचा नव्हता. तलावाचा होता.

मग तिने ते कार्पेट उलटं-सुलटं करून नीट पाहिलं. डॅशबोर्डखाली जाणाऱ्या कडेजवळ त्याची लव उपटलेली होती. झिजलेली नाही, उपटलेली. जणू कुणी मूठ आवळून धरलं होतं आणि त्या मुठीला मागून हिसके बसले होते. उपटलेल्या जागी, धाग्यांत गुंतून, एक नख होतं.

अख्खं नख, मुळापासून निघालेलं. मधोमध काळी उभी भेग. पैलवानाने डाव्या अंगठ्यावर हातोडी मारून घेतली होती, तेव्हापासून ते नख असंच वाढायचं.

ताईने ते तळहातावर घेतलं आणि उजव्या सीटकडे पाहिलं. पैलवान गाडी चालवत होता, म्हणजे उजव्या सीटवर. त्याला पट्टा बांधलेला होता, तो कापूनच त्याला बाहेर काढलं होतं. तिथून डाव्या सीटच्या पायाशी हात पोचवायचा तर माणसाला वाकावं लागतं, पट्टा ताणून अख्खा दंड लांब करावा लागतो. जागच्या जागी गेलेला माणूस असलं काही करत नाही.

त्या दुपारी तिने रंगाऱ्याला हाक मारली.

“जरा आत बस. पाणी मारून बघू, कुठून येतंय ते.”

“मी? तिथे?” रंगारी हसला, पण नुसते ओठ हसले. “सोडून दे ना ताई. मेलेली गाडी ती.”

“पाणी कुठे मारायचं ते मला कळतं, तुला नाही. तू नुसता थेंब बघ. ओल थांबली की भंगारवाल्याला बोलाव, मी मध्ये येणार नाही.”

ते ऐकून तो तयार झाला. टॉर्च घेऊन डाव्या सीटवर बसला, पण पाय त्याने वर, सीटवरच घेतले.

“भाजी विकायला बसलायस का?” ताई म्हणाली. “पाय खाली सोड. असं बसून डॅशबोर्डखालचं दिसणार कसं?”

त्याने एक पाय खाली ठेवला. मग दुसरा.

“ताई... हे इतकं गार कसं काय आहे?”

ताईने दार लावलं. बाहेरून थोडं पाणी मारायचं, मग दार उघडून त्याच्यासमोर नख धरायचं आणि एकच गोष्ट विचारायची, असं तिने ठरवलं होतं. बसल्या जागेवरून त्याला चटकन उठून जाता येणार नाही, एवढाच तिचा हिशेब होता. ठोकण्याची खूण मात्र तिने त्याला सांगितलीच नाही. ती भावंडांची खूण होती. दुसऱ्या कुणाला ती सांगावी लागते, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

तिने पाईप काचेखालच्या कडेला धरला. पाणी पत्र्यावर तडतडायला लागलं. त्या आवाजाखाली कुठेतरी दारांची कुलुपं एकदम खट्कन बसली. बॅटरी फळीवर होती, गाडीत वीज नव्हती. तिला वाटलं, पत्रा तापून वाजला असेल.

मग ठोके आले.

आधी बोटांनी, मग मुठीने. ताईचा हात जागच्या जागी थांबला. थेंब दिसला म्हणायचा, तिच्या हाताने ठरवून टाकलं. पाणी तिथेच धरलं. ठोके वाढले. दोन्ही मुठी, मग कोपर, मग काहीतरी जड आणि गोल... कपाळ असावं. काचा आतून पांढऱ्याफेक पडल्या होत्या. गाडी टायरांवर डोलायला लागली, स्प्रिंगा कुरकुरायला लागल्या. आणि ताई उभी. नजर पाण्याच्या धारेवर, धार अजिबात न हलवता.

ठोकणं थांबलं. तिने पाईप पुढे सरकवला, आरशाच्या बुडाशी.

तेवढ्यात आतल्या पांढऱ्या काचेवरून एक पंजा घसरत खाली आला. त्याने पुसलेल्या पट्ट्यातून तिला आतलं दिसलं. काचेच्या निम्म्यापर्यंत हिरवं पाणी होतं, डुचमळत होतं. त्याच्या वर, छताला टेकलेलं, उताणं, रंगाऱ्याचं उघडं तोंड.

पाईपचं पाणी बाहेरच्या बाजूने खाली ओघळून गटाराकडे चाललं होतं. आत जात नव्हतं.

ठोके परत सुरू झाले. आता तिला सगळं कळत होतं. तो थेंब दाखवत नव्हता. तरी तिचा हात हलला नाही. किती वेळ हलला नाही, ते तिला कुणी विचारू नये.

मग पाईप टाकून ती धावली. दार उघडेना. तिने चाकाचा पाना उचलून काचेवर घातला. दुसऱ्या घावाला काच भुगा होऊन फुटली आणि आतलं पाणी तिच्या छातीवर असं आदळलं की ती मागे भिंतीवर जाऊन पडली. शेवाळाचे पुंजके तिच्या तोंडावर चिकटले. शेडभर तलावाचा वास पसरला.

पाणी उतरलं, पण आतली धडपड थांबली नव्हती.

रंगाऱ्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत डॅशबोर्डखाली गेला होता, जिथे गुडघा मावेल एवढी जागाच नसते. दुसऱ्या पायाची टाच तो खाली मारत होता. पुन्हा पुन्हा, जीव खाऊन, डोळे मिटून. कार्पेटवर टाच आपटल्याचा आवाज ताईला पाठ होता. हा तो नव्हता. आधी काहीतरी मऊ चेंगरत होतं, मग त्याखाली काहीतरी कडक मोडत होतं.

“सोड... सोड रे... सोड ना...”

ताईने फुटक्या काचेतून हात घालून त्याची मान धरली. काच तिच्या दंडात घुसली, ते तिला नंतर कळलं.

“तो जिवंत होता?”

“ताई, ओढ मला... ओढ...”

“जिवंत होता का तो?”

“होता...” त्याच्या नाकातोंडातून पाणी येत होतं. “पट्टा अडकला होता त्याचा... माझी काच उघडी होती, मी निघतच होतो... त्याने पाय धरला. नुसतं म्हणत होता, पट्टा... पट्टा... पाणी वर आलं गं. मी टाच मारली तोंडावर. तरी सोडेना. मग मी... मारतच राहिलो.” टाच पुन्हा खाली आदळली. “तो माझ्याकडे बघत होता, ताई. शेवटपर्यंत...”

कडाड्‌ असा आवाज झाला. रंगाऱ्याचा गुडघा उलटा वाकला आणि पांढरं हाड पँट फाडून बाहेर आलं. तो ओरडला नाही, त्याच्यात तेवढा श्वासच नव्हता. डॅशबोर्डखालच्या अंधाराने त्याला आणखी वीतभर आत ओढलं. त्याचं डोकं सीटवरून खाली यायला लागलं.

ताईने त्याची मान सोडली. ती खिडकीतून कंबरेपर्यंत आत वाकली. अंधारात तिला काही दिसलं नाही. पण घडी घालून बसायची ती जागा तिच्या ओळखीची होती.

“पैलवान,” ती हळूच म्हणाली.

आतली ओढ थांबली. सुटली नाही, थांबली.

“ऐकलं मी सगळं. बास आता... सोड त्याला.”

थोड्या वेळाने पाय मोकळा झाला. तिने रंगाऱ्याला काखेत धरून बाहेर ओढलं. त्याच्या घोट्याभोवती नखांच्या चार खाचा हाडापर्यंत गेल्या होत्या. पाचवी, अंगठ्याची, नुसती काळीनिळी गोल खूण उमटलेली होती. तिथे नख लागलं नव्हतं.

समोरचा टायरवाला धावत आला. त्याने रंगाऱ्याला उचलायला मदत केली, पण त्याची नजर सारखी शेडमध्ये साचलेल्या पाण्याकडे जात होती. “बायको म्हणत होती, इथून आवाज येतायत म्हणून,” तो पुटपुटला. “पण एवढं पाणी... पाईपला तर करंगळीएवढी धार तुमच्या.”

रंगारी दवाखान्यात काही दिवस होता. पाय कापावा लागला. छातीत पाणी भरलं होतं ते उपसून संपत नव्हतं, आणि डॉक्टरांना ते इतकं हिरवं का, ते कळत नव्हतं. मग तो गेला.

तो गेला त्या संध्याकाळीही आईने नेहमीचंच विचारलं. दंडाला पट्टी बांधलेली ताई तिच्यासमोर बसली होती.

“त्याला त्रास झाला का गं?”

“नाही आई,” ताई म्हणाली. “त्याला कळलंसुद्धा नाही.”

रंगाऱ्याचंच वाक्य तिने त्याच्यासारखंच म्हटलं. आईने घास घेतला. आता हे वाक्य रोज तिलाच म्हणायचं होतं.

डावीकडचं कार्पेट त्यानंतर ओलं झालं नाही. ताई रोज गुडघे टेकून हात दाबून पाहायची. कोरडं, खरखरीत. शेवटी तिने स्वतःच भंगारवाल्याला बोलावलं. तो यायचा होता त्या दिवशी भर उन्हात ती गाडीत काही राहिलंय का ते बघायला गेली. गाडीच्या अलीकडेच ती थबकली.

फुटलेल्या खिडकीतून वारा आरपार जात होता, तरी मागच्या दाराची काच आतून पांढरी झाली होती. तिने दार उघडलं नाही. वाकून पुढच्या दोन सीटांमधून पाहिलं. मागचं कार्पेट काळं दिसत होतं, भिजून फुगलेलं. त्याच्यावर हिरवट पाण्याचं तळं साचत होतं.

मग काचेवर टकटक झाली. फार हलकी. काचेच्या अगदी खालच्या कडेला, जणू त्या इवल्या हाताला त्याच्या वर पोचता येत नव्हतं.

भंगारवाल्याला तिने दारातूनच परत पाठवलं. गाडी अजून शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे. पैलवानाच्या गाडीत मागे कुणी बसलं होतं, असं चौकशीत कुठे निघालं नव्हतं. रंगाऱ्याच्या उघड्या काचेतून तलावात कुणी वाहून गेलं असेल का, ते कुणी शोधलंही नव्हतं. त्या दिवसांत कुणाचं कुणी हरवल्याचंही तिच्या कानावर आलं नव्हतं. दवाखान्यात रंगाऱ्याने एकदा तिची बाही घट्ट धरली होती. “ताई, अजून एक...” एवढंच तो म्हणाला होता. तिला हवं होतं ते तिने ऐकलेलं होतं. ती बाही सोडवून घेऊन निघून आली.

त्याला काय सांगायचं होतं, ते विचारायचं राहून गेलं.